घोंगडेवस्तीचा थांबा

“पुढं सरका जरा,” असं म्हणायला वैजयंतीनं तोंड उघडलं, आणि तोंडातून नुसती हवा बाहेर आली.

मंद्रूपचा बाजार सुटला होता. एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. भाजीच्या पिशव्या, पत्र्याचा नवा डबा, पाय बांधलेली एक कोंबडी, आणि दारात लोंबकळणारी माणसं. वैजयंतीनं खाकरून पुन्हा प्रयत्न केला. घशातून दार करकरल्यासारखा आवाज निघाला आणि तोही मध्येच तुटला. तिनं तिकिटाचं मशीन दांडीवर टकटक वाजवलं. लोकांना वाटलं, कंडक्टरबाई चिडल्या आहेत. कुणी हललं नाही.

ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर गोजाबाई बसली होती. गाडी जिथून परत फिरायची त्या घोंगडेवस्तीची ही म्हातारी, दर बाजाराला अंडी विकायला यायची. तिनं वळून वैजयंतीच्या तोंडाकडं एकदा नीट बघितलं आणि उभी राहिली.

“ए, म्होरं सरका की. बाईचा घसा बसलाय, दिसत न्हाय व्हय तुमाला? आन सुटं पैसं काडून ठिवा हातात.”

गाडीतली माणसं मुकाट्यानं सरकली. पुढं प्रत्येक थांब्याला गोजाबाईच ओरडत होती, “उतरणार हाय का कुनी?” आणि वैजयंती मागून दोरी ओढून घंटी वाजवत होती. लोक हसत होते. ड्रायव्हर महेश्वरमामा आरशातून बघून म्हणाले, “मॅडम, आज्जीला भरती करून घेऊ.” वैजयंतीही हसली. आणि हसता हसता पुन्हा खाकरली.

हे काही आजचं नव्हतं. वर्ष उलटून गेलं असेल. सकाळी उठलं की भुवयांच्या वर कुणीतरी फेटा आवळून बांधल्यासारखं वाटायचं. कान दडपलेले. नाकातून काही बाहेर यायचं नाही, सगळं मागच्या मागं घशात उतरायचं, आणि ती दिवसभर खाकरत राहायची. पोटाचं निराळंच. दुपारी तीनला खाल्लेली भाकरी संध्याकाळपर्यंत जागची हलायची नाही. पोट डब्यासारखं फुगायचं, आंबट ढेकर यायचे आणि छातीतली जळजळ थेट कानापर्यंत चढायची. सर्दीच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की जळजळ वाढायची. जळजळीवर सोडा प्यायला की पोट फुगायचं, आणि पोट फुगलं की डोकं धरायचं. एकाला गप्प करावं तर दुसरं बोंबलायला लागायचं.

औषधं सांगणारे भरपूर होते. महेश्वरमामांनी लवंग सांगितली, डेपोतल्या कॅशियरनं इसबगोल, नणंदेनं तव्यावर भाजलेला लसूण. तिनं सगळं करून बघितलं. लवंगेनं जीभ पोळली, बाकी काही झालं नाही.

एक गोष्ट मात्र तिनं कुणाला सांगितली नव्हती. घशाच्या मधोमध, कितीही गिळलं तरी खाली न जाणारं काहीतरी होतं. तिचे वडील बिभीषण श्रीपूरच्या साखर कारखान्यावर ऊसतोड्यांचे मुकादम होते. गालात सदा तंबाखूची गोळी. एकदा जेवताना ते सहज म्हणाले होते, “भाकरीचा तुकडा अडकल्यागत वाटतंय गं हितं.” त्यानंतरचा पावसाळा त्यांनी बघितला नाही. वैजयंतीनं उभ्या जन्मात तंबाखूला बोट लावलं नव्हतं, पण ते वाक्य तिच्या डोक्यात घर करून बसलं होतं. म्हणून कुणी विचारलं की ती म्हणायची, “सर्दी हाय. धुरळा लई असतो की रस्त्याला.”

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा सिद्धनाथ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून नुकताच परतला होता. तो टॉवेलच्या कारखान्यात मागावर कामाला होता. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. बारावीतली सृष्टी क्लासला गेली होती, आणि त्यानं तेवढ्यात कुकर लावला होता.

“खिचडी टाकलीय,” तो म्हणाला. “मऊ.”

“का वो? मी भाकरी करणार हुते,” ती कुजबुजली. त्याहून वर आवाज चढत नव्हता.

“भाकरीचा घास गिळताना तू डोळं मिटतीस.”

ती चप्पल काढता काढता थांबली.

“मला म्हायती हाय,” सिद्धनाथ म्हणाला. “कवापासनं बघतोय. तू सांगशील म्हणून थांबलोय. सासऱ्यांचं डोक्यात हाय न्हवं तुज्या?”

वैजयंती खाली बसली. मान हलवली. मग पदर तोंडाला लावून रडली, आणि रडतानाही आवाज येईना म्हणून तिचं तिलाच विचित्र वाटलं.

“उद्या दोघं जाऊ. रजा टाक.”

“नको, पुढल्या आठवड्यात...”

“मी इचारत न्हाय,” सिद्धनाथ म्हणाला आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठला. असं तोडून बोलायची त्याला सवय नव्हती. गॅस बंद करून तो जरा वेळ तिकडंच तोंड करून उभा राहिला.

कान-नाक-घशाच्या डॉक्टर चाळिशीच्या होत्या, बोलायला हळू. नाकात औषधाचा फवारा मारून त्यांनी एक बारीक नळी आत सरकवली. नळीच्या टोकाला कॅमेरा होता आणि समोरच्या पडद्यावर सगळं दिसत होतं. वैजयंतीनं डोळे घट्ट मिटले. सिद्धनाथ मात्र पडद्याकडं बघत राहिला. माग चालताना धागा तुटतोय का म्हणून बघावं तसा, पापणी न हलवता.

“गाठ नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “काही वाढलेलंही नाही.”

वैजयंतीनं डोळे उघडले. “परत एकदा बघता का?”

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी नळी पुन्हा नीट फिरवली. “हे बघा, हा तुमचा घसा. लाल झालाय, सुजलाय. पोटातलं आम्ल वर येऊन इथं लागतंय, म्हणून अडकल्यासारखं वाटतं. आवाज बसला तोही त्यानंच, आणि तुमच्या खाकरण्यानं त्यात भर पडते. नाकातली सूज धुळीची. दोन्ही एकमेकांना चिथावतात.”

नळी निघाली. वैजयंती नाक पुसत बसली. सिद्धनाथनं खिशातून रुमाल काढला, तिला दिला नाही, स्वतःचंच कपाळ पुसलं.

“जेवण किती वाजता असतं?”

“गाडीवर असतं ते. कधी तीन, कधी पाच. मग रात्री घरी भरपूर.”

“पाणी किती पिता?”

“सकाळी निघताना घोटभर. मग घरी आल्यावर.”

“दिवसभर नाही? या धुळीत?”

वैजयंतीनं मान खाली घातली. सिद्धनाथ तिच्याकडं बघायला लागला. “का गं? बाटली तर नेतीस की.”

ती बाटली रोज भरलेली जायची आणि भरलेली परत यायची. डॉक्टर प्रिस्क्रिप्शनचा कागद पुढं ओढून घेत म्हणाल्या, “मी नवीन डॉक्टर झाले तेव्हा वर्षभर खेड्यात होते. शिबिराचा दिवस असला की मीपण पाणी प्यायची नाही. जायला जागा नसायची.”

तेव्हा कुठं सिद्धनाथच्या डोक्यात उजेड पडला. तो खुर्चीत मागं टेकला.

“औषध मी देते,” डॉक्टर म्हणाल्या. “नाक धुवायचं कसं तेही दाखवते. पण पोटात वेळेवर अन्न आणि पाणी गेलं नाही तर औषध एकटं काय करणार? थोडं थोडं खा, तिखट कमी करा, जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा. आणि एक सांगते. हे हळूहळू कमी होईल. मधूनच परत डोकं वर काढेल. तेव्हा वडिलांना आठवून घाबरायचं नाही. काही वेगळं वाटलं तर इथं यायचं.”

वडिलांचं त्यांना कुणी सांगितलं होतं? वैजयंतीनं सिद्धनाथकडं पाहिलं. तो भिंतीवरचं कानाचं चित्र फार लक्ष देऊन बघत होता.

बाहेर आल्यावर मोटारसायकलला किक मारायच्या आधी तो म्हणाला, “इतकी वर्सं नोकरी करतीस. मला एवढंबी ठावं न्हाय.”

“त्यात काय सांगायचं?”

“सांगायचं की,” तो म्हणाला आणि किक मारली.

दुसऱ्या दिवशी त्यानं कारखान्याच्या आवारात पडलेल्या विटा मालकाला विचारून आणल्या आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली घातल्या. सकाळी दोघं घसरत घसरत पायथ्याशी येऊन गोळा झालेले असायचे. सृष्टी चहा घेऊन आली की हसून लोटपोट व्हायची. मीठ घातलेल्या कोमट पाण्यानं नाक धुताना वैजयंतीला पहिल्यांदा जीव गेल्यासारखं वाटलं. आठवड्यानं मात्र त्या धुण्यानंतर कपाळावरचा फेटा कुणीतरी सैल केल्यासारखं वाटू लागलं. आवाजही आला, आधी चिरका, मग तिचा स्वतःचा.

राहिलं पाणी.

डॉक्टरांचं ऐकून ती मंद्रूपला पाणी प्यायली खरी, पण पुढचा रस्ता खड्ड्यांचा होता. घोंगडेवस्ती येईपर्यंत ती सीटची दांडी धरून ओठ चावत उभी होती. वस्तीवर होतं काय? एक कडुलिंब, पत्र्याची निवाऱ्याची शेड, दहाबारा घरं आणि मेंढरांचे वाडे. गाडी तिथं वळायची आणि लगेच निघायची. बायका पहाटे नाहीतर अंधार पडल्यावर रानात जायच्या, आणि दिवसाउजेडी खाकी वर्दीतल्या बाईला रानात जायची सोय नव्हती.

गोजाबाईच्या घराला लागून सिमेंटची एक छोटी खोली होती. पत्र्याचं दार, वर आलेला पाइप. योजनेतून बांधलेली. वैजयंती ती रोज बघायची. त्या दिवशी ती गाडीतून उतरली आणि सरळ म्हातारीसमोर जाऊन उभी राहिली.

“आज्जी, तुमच्या संडासला जाऊ का?”

गोजाबाई शेळीच्या पिलाला पाला घालत होती. “त्येच्यात गोवऱ्या हायत्या की,” ती म्हणाली. “बांदून दिलं तवापासनं. पाऊस लागत न्हाय, लई चांगल्या ऱ्हात्यात.”

“बरं,” वैजयंती म्हणाली आणि वळली.

म्हातारीनं तिला पाठमोरी बघितलं. वैजयंती पाय जुळवून, जपून जपून चालत होती. गोजाबाईनं पाला खाली टाकला.

“ए बाय. कुटं चाललीस? ये हिकडं.”

तिनं दार ओढलं आणि आतल्या गोवऱ्या दोन्ही हातांनी बाहेर फेकायला सुरुवात केली. वैजयंतीनं बॅग ओट्यावर ठेवली आणि तीही लागली. शेणाचा भुगा तिच्या खाकी बाह्यांवर बसला, नाकात गेला, दोघी शिंकल्या. गाडी का निघत नाही म्हणून महेश्वरमामा उतरून आले आणि हे दृश्य बघून कुंपणाशीच थबकले.

“काय झालं वो मॅडम?”

“कायबी न्हाय,” गोजाबाईच म्हणाली. “तू गाडीत जाऊन बस. बाई येतील मागनं.”

मामा संसारी माणूस होते. त्यांना समजलं. ते गाडीत जाऊन बसले.

पुढच्या रविवारी सिद्धनाथ मोटारसायकलवर कडी, बिजागरी आणि झाडू घेऊन वस्तीवर आला आणि दार नीट बसवून गेला. गोजाबाईनं त्याला ताक पाजलं, तू कुणातला, घरची मेंढरं किती होती, ती सोडून शहरात का गेलास, हे सगळं विचारून घेतलं आणि शेवटी त्याची आजी तिच्याच मावशीच्या सासरची निघाली. वैजयंतीनं बादली आणून ठेवली. बादली मात्र रोज भरलेली असायची, ती गोजाबाई भरायची. सांगितलेलं नसताना.

मग डबाही तिथंच उघडायला लागला. मुगाचं वरण, मऊ भात, दुधीची भाजी. गोजाबाई डब्यात डोकावून म्हणायची, “हे काय बाळंतिनीचं खातीस?” आणि एकदा ठेचा घेऊन आली. वैजयंतीनं बोटाच्या टोकावर घेऊन नुसता वास घेतला. वास आला. कितीतरी महिन्यांनी मिरचीचा, लसणाचा वेगवेगळा वास आला. तिनं बोट पुसून टाकलं आणि वरणभात खायला लागली, पण चेहऱ्यावरचं हसू लपेना.

सगळ्यांनाच हे रुचलं असं नाही. वस्तीजवळ मळा आणि मंद्रूपला खताचं दुकान असलेले बापूसाहेब रोज याच गाडीनं जायचे. एकदा त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“काय मॅडम, सरकारी गाडी जेवायला थांबवायची असती व्हय? आमची कामं हायती. डेपोला कळवावं लागंल.”

वैजयंतीचा हात भातातच राहिला. सवयीनं ती उठलीसुद्धा. उठताना घशातला तो गोळा आपल्या जागेवर येऊन बसला, जणू वाटच बघत होता.

“बसा मॅडम,” महेश्वरमामा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. “हितं थांबायची येळ टायमटेबलात हाय. पयल्यापास्नं हाय. आपनच कवा घेतली न्हाय.”

हे खरं होतं. परतायची वेळ व्हायच्या आधीच घंटी मारायची सवय तिचीच होती. लवकर निघालं की लवकर घरी, लवकर घरी की मोकळं व्हायला मिळतं, एवढाच तिचा हिशोब होता.

ती पुन्हा ओट्यावर बसली. खाकरली नाही. घोटभर पाणी प्यायली आणि म्हणाली, “बापूसाहेब, जेवते आणि निघते. गाडी वेळेवरच सुटंल.”

बापूसाहेबांनी डोकं आत घेतलं. डेपोला त्यांनी कळवलं की नाही, ते कुणाला कळलं नाही. वैजयंतीला कुणी बोलावलं नाही. पण काही दिवसांनी ते खाली उतरून लिंबाच्या सावलीत उभे राहू लागले. घाटावर मेंढरांना यंदा चारा कसा आहे, हे महेश्वरमामांना समजावून सांगू लागले. मामा लिंगायत, त्यांचा मेंढरांशी संबंध नाही, पण ते ऐकून घ्यायचे.

थंडी गेली, ऊन चढायला लागलं. वैजयंतीचं दुखणं पुरतं गेलं नाही. धुरळ्याच्या दिवशी कान दडपायचे, लग्नाचं जेवण झालं की रात्री जळजळायचं. एखाद्या दुपारी घशात पुन्हा ते काहीतरी येऊन बसायचं आणि वडील आठवायचे. पण आता ते आठवायचे ते मुकादमाच्या पागोट्यातले, गाड्या मोजणारे, बैलांना नावानं हाका मारणारे. ती पाणी प्यायची, चार पावलं चालायची, आणि ते आठवणं तसंच राहू द्यायची.

एका दुपारी गाडी घोंगडेवस्तीला लागली तेव्हा गोजाबाईच्या घराला कडी होती. म्हातारी मेंढरांमागं ओढ्याला गेली असावी. बादली भरून ठेवलेली होती, वर ताट झाकलेलं. वैजयंती जाऊन आली, हात धुतले, डबा खाल्ला. गाडीत थोडीच माणसं होती. तिसऱ्या सीटवर एक पोरसवदा सून बसली होती, मांडीवर सहासात महिन्यांचं बाळ. पहिल्या बाळंतपणानंतर सासरी निघालेली, सोबत सासरा. शेजारच्या वस्तीवरून चालत येऊन ती गाडी लागताच चढली होती, आणि तेव्हापासून खिडकीबाहेर तोंड करून ताठ बसली होती. ओठ मिटलेले. वैजयंतीला ते बसणं ओळखीचं वाटलं होतं.

सासरा तंबाखू मळायला झाडाखाली गेला, तशी ती खाली उतरली. ओट्यापर्यंत आली आणि तिथंच घुटमळली.

“मॅडम,” ती इतकं हळू म्हणाली की ऐकू येईना. “मीबी जाऊन येऊ का?”

“जा की,” वैजयंती म्हणाली. “पाणी हाय आत. आण, बाळ दे हिकडं.”

पोरीनं बाळ दिलं आणि पदर सावरत जवळजवळ धावतच गेली. दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला.

बाळ आधी गोंधळलं. मग त्यानं खाकी शर्टाचं बटण मुठीत धरलं आणि वैजयंतीच्या तोंडाकडं टक लावून बघायला लागलं. झाडाखालून सासऱ्यानं विचारलं, “निघायचं न्हाय का वो?” महेश्वरमामांनी आरशात बघितलं, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि पाय वर घेऊन बसले.

वैजयंतीनं बाळाला मांडीवर घेतलं. तिच्या घशात आज थोडं जड होतं. ती मोठ्यानं काही बोलली नाही. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन त्या जड आवाजातच त्याला सांगत राहिली, ते बघ शेळी, ते बघ झाड, ती बघ आपली गाडी, थांबलीय.